इंजिनचा चेक लाईट लागला? गॅरेजला जायच्या आधी घरच्या घरी काय काय तपासायचं

मीटरवर पिवळ्या रंगात इंजिनचं छोटं चित्र पेटलं की बहुतेक जण दोनपैकी एक काहीतरी करतात. एकतर घाबरून गाडी तिथेच उभी करून टोइंगवाल्याला फोन लावतात, नाहीतर "चालतेय ना, चालू दे" म्हणत महिनोन् महिने तशीच पळवतात. तिसरा प्रकार म्हणजे जवळच्या गॅरेजमध्ये बॅटरीचं टर्मिनल काढून परत लावायचं आणि लाईट घालवायचा. हा मला सगळ्यात वाईट वाटतो, कारण गाडीने जे नोंदवून ठेवलं होतं ते कोणी न वाचताच पुसून टाकलं जातं आणि चार दिवसांनी लाईट परत लागतो.

लाईट का लागला हे घरच्या पार्किंगमध्ये बसून बऱ्याच वेळा शोधता येतं. प्रत्येक दुरुस्ती आपल्याला जमेल असं नाही, पण नेमकं काय बिघडलंय हे माहीत असलं की चुकीचा महागडा पार्ट बदलला जात नाही, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचा खरा फायदा तोच आहे. इथे मी मुख्यतः पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांबद्दल लिहितोय, डिझेलचं थोडं शेवटी आहे.

आधी लाईट कसा लागलाय ते बघा

लाल रंगाचा लाईट म्हणजे ऑइलच्या किटलीचं चित्र किंवा टेंपरेचरचं चित्र असेल तर हा लेख बाजूला ठेवा, गाडी कडेला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा. ऑइल प्रेशर नसताना इंजिन थोडा वेळ जरी चाललं तरी बेअरिंग जातात. आपण बोलतोय तो पिवळा किंवा केशरी इंजिनचा लाईट. त्याच्याशेजारी किल्लीचं चित्र लुकलुकत असेल तर तो इमोबिलायझरचा, म्हणजे गाडीच्या चोरीविरोधी लॉकचा, विषय आहे, वेगळा.

पिवळा लाईट स्थिर असेल, गाडी नेहमीसारखी चालत असेल, टेंपरेचर ठीक असेल तर शांतपणे घरी या. पण तोच लाईट ब्लिंक होत असेल आणि गाडी धक्के मारत असेल तर गोष्ट गंभीर आहे. ब्लिंक होणं म्हणजे एखाद्या सिलेंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाहीये, ते तसंच पुढे सायलेन्सरच्या लाईनमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतंय आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळायला लागू शकते. काही शे रुपयांच्या स्पार्क प्लगसाठी हजारो रुपयांचा कन्व्हर्टर जातो तो असा. त्यामुळे ब्लिंक होत असेल तर रेस कमी, एसी बंद, चढ टाळा, आणि कमी होत नसेल तर गाडी उभी करून टो करा.

एक आडवी गोष्ट सांगतो. चावी ऑन केली, इंजिन अजून सुरू केलं नाही, तेव्हा हा लाईट लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. सेकंडहँड गाडी बघायला जाल तेव्हा हे नक्की बघा. चावी ऑन करून लाईट लागतच नसेल तर कोणीतरी तो मुद्दाम बंद करून ठेवलेला असण्याची शक्यता असते.

स्कॅनर लावायच्या आधी दहा मिनिटं

पहिलं म्हणजे आठवा. लाईट लागायच्या आधी गाडीत किंवा गाडीला काय झालं? सर्व्हिसिंग झालं? इंजिन धुतलं? बॅटरी बदलली? पाणी साचलेल्या रस्त्यातून गेलात? गाडी गावी जाऊन पंधरा दिवस उभी होती? नवीन पंपावर टाकी फुल केली? माझ्या अनुभवात निम्मं उत्तर इथेच मिळतं. सर्व्हिसिंगनंतर लगेच लागला असेल तर एअर फिल्टरच्या डब्याजवळचा एखादा कपलर, म्हणजे वायरच्या टोकाचं प्लास्टिकचं सॉकेट, अर्धवट बसलेला असतो, इंजिन धुतल्यावर लागला असेल तर कपलरमध्ये नाहीतर प्लगच्या विहिरीत (प्लग बसतो त्या खोल भोकात) पाणी गेलेलं असतं.

मग बोनेट उघडा, इंजिन थंड असताना. रेडिएटरचा पंखा काही गाड्यांत चावी बंद असतानाही फिरू शकतो म्हणून हात आणि ओढणी वगैरे तिथून लांब. एअर फिल्टरच्या डब्याच्या सगळ्या क्लिपा लागल्यात का, तिथून इंजिनकडे जाणारा जाड रबरी पाईप कुठे निसटलाय किंवा तडकलाय का, बारीक रबरी नळ्या जागेवर आहेत का हे बघा. प्रत्येक कपलर हलकेच दाबून बघा, नीट बसलेला असेल तर हलत नाही, सैल असेल तर टक् आवाज करून बसतो.

उंदीर! पावसाळ्यात आणि सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये हा आपल्याकडचा मोठा त्रास आहे. इंजिनवर लेंड्या, कागदाचे किंवा स्पंजचे तुकडे, कुरतडलेलं वायरिंगचं आवरण दिसलं तर आधी तिथेच टॉर्च मारून एकेक वायर तपासा. तुटलेली सेन्सरची वायर नुसती पिळून वरून टेप मारली तर पुढच्या पावसात परत तोच लाईट, त्यामुळे डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवून घ्या.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर असेल तर साफ करा, घट्ट करा. मल्टिमीटर असेल तर इंजिन बंद असताना १२.४ ते १२.७ व्होल्ट आणि चालू असताना साधारण १३.५ ते १४.७ यायला हवेत. बॅटरी कमजोर असली की स्टार्ट करताना व्होल्टेज इतकं पडतं की गाडीचा कॉम्प्युटर बिघाडाचे भलतेसलते कोड टाकतो, एकदम चारपाच न जुळणारे कोड आले तर मी आधी बॅटरी आणि अर्थिंगच बघतो. (अमेरिकन व्हिडिओंमध्ये पेट्रोल टाकीचं झाकण हे पहिलं कारण सांगतात, तिकडच्या गाड्या टाकीतली वाफ गळते का हे स्वतः तपासतात म्हणून. आपल्याकडे सहसा ती तपासणी नसते, तरी झाकण घट्ट आहे का बघायला काही लागत नाही.)

स्कॅनर लावून कोड वाचणं

आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून बीएस फोर (धुराच्या सरकारी नियमांचा टप्पा) गाड्यांना ओबीडी टू, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून नोंदवायची व्यवस्था, सक्तीचं झालं, १ एप्रिल २०२० पासून बीएस सिक्स आलं, त्यामुळे गेल्या दहाएक वर्षांतली कुठलीही गाडी असेल तर स्टेअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या आसपास, १६ पिनांचं सॉकेट असतं. कधी उघडं, कधी छोट्या झाकणामागे, कधी फ्यूज बॉक्सच्या शेजारी. त्यात लावायचा ईएलएम ३२७ प्रकारचा ब्लूटूथ डोंगल ऑनलाइन काही शे रुपयांपासून मिळतो. अगदी स्वस्तातले घेऊ नका, ते बऱ्याचदा अर्ध्यात तुटतात किंवा काही गाड्यांशी बोलतच नाहीत, परत करता येईल अशा ठिकाणाहून घ्या. आयफोन असेल तर ब्लूटूथ लो एनर्जीवाला किंवा वायफायवाला घ्या, साधा ब्लूटूथवाला चालत नाही. अँड्रॉइडवर टॉर्क किंवा कार स्कॅनर ही अॅप्स पुरेशी आहेत.

डोंगल लावा, चावी ऑन करा, फोनच्या ब्लूटूथमध्ये जोडा (पिन बहुतेक १२३४ नाहीतर ००००), मग अॅपमधून कनेक्ट करा. कोड वाचा. आलेला प्रत्येक कोड, साठवलेला आणि पेंडिंग (अजून पक्का न झालेला) दोन्ही, स्क्रीनशॉट काढून ठेवा. त्यानंतर फ्रीझ फ्रेम उघडा. कोड आला त्या क्षणी गाडी किती स्पीडला होती, आरपीएम किती, इंजिन थंड होतं की गरम, लोड किती, हे सगळं त्यात नोंदलेलं असतं. थंड इंजिनला सकाळी आयडलवर (रेस न देता) आलेला मिसफायर, म्हणजे सिलेंडरमध्ये पेट्रोल नीट न जळणं, आणि घाटात चौथ्या गिअरमध्ये आलेला मिसफायर यांची कारणं वेगळी असू शकतात आणि ते फक्त इथेच कळतं. आणि क्लिअरचं बटण आत्ता अजिबात दाबू नका, कोडबरोबर ही फ्रेमसुद्धा जाते.

काम झालं की डोंगल काढून ठेवा, लावून ठेवला तर बॅटरी हळूहळू खातो.

कोडची रचना सोपी आहे. पहिलं अक्षर पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, सी म्हणजे ब्रेक-सस्पेन्शनकडचं, बी बॉडीचं, यू म्हणजे कॉम्प्युटरांचं आपसातलं बोलणं बंद. पुढचा आकडा शून्य असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना समान, एक असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा, तेव्हा गुगल करताना गाडीचं नाव घालायला विसरू नका. तिसऱ्या जागेवर १ किंवा २ असेल तर हवा-इंधन, ३ असेल तर इग्निशन आणि मिसफायर, ४ असेल तर धुराशी संबंधित.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कोड पार्टचं नाव सांगत नाही, कॉम्प्युटरला काय विचित्र दिसलं ते सांगतो. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, हवा जास्त किंवा पेट्रोल कमी. ही बातमी देतो धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर, म्हणून लोक ऑक्सिजन सेन्सरच बदलून टाकतात, म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलण्यासारखं. सेन्सर बरोबर काम करत होता म्हणून तर कळलं!

मिसफायर: पी०३०० ते पी०३०४

घरी सगळ्यात चांगला पकडता येतो तो हा बिघाड. पी०३०२ म्हणजे दोन नंबरचा सिलेंडर मिसिंग करतोय. पी०३०० म्हणजे कुठलाही एक ठरावीक नाही, सगळीकडे थोडं थोडं, मग कारणही सगळ्यांना समान असतं, खराब पेट्रोल, हवेची गळती, पेट्रोलचं प्रेशर कमी, जुने प्लग.

एका सिलेंडरचा कोड असेल आणि तुमच्या गाडीत प्रत्येक प्लगवर वेगळी कॉईल (ठिणगीसाठी व्होल्टेज देणारी) असेल तर अदलाबदल करून बघा, पार्टवर एक रुपयाही खर्च होत नाही. इंजिन पूर्ण थंड, चावी बंद. दोन नंबरच्या कॉईलचा कपलर काढा (लॉकची जीभ दाबून, वायर ओढून नाही), १० नंबरचा बोल्ट खोला, कॉईल सरळ वर ओढा. तसंच एक नंबरची काढा. दोघींची जागा बदला, बोल्ट-कपलर लावा. आता कोडचे स्क्रीनशॉट घेतलेले आहेत ना याची खात्री करून कोड क्लिअर करा आणि हळू चक्कर मारून या. कोड आता पी०३०१ आला तर बिघाड कॉईलबरोबर सरकला, म्हणजे कॉईल खराब, एकच कॉईल घ्या. पी०३०२ च राहिला तर कॉईल ठीक आहे, आता प्लगची तशीच अदलाबदल करा. प्लगही निर्दोष निघाला तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशनचा प्रश्न, तिथे गॅरेज.

कॉईल काढलीच आहे तर विहिरीत टॉर्च मारा. आत ऑइल असेल तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलंय, पाणी असेल तर हवा मारून वाळवा, आणि धूळ-माती असेल तर प्लग खोलायच्या आधी ती उडवा नाहीतर सिलेंडरमध्ये पडेल. प्लगचं टोक फिकट तपकिरी असेल तर उत्तम, कोरडा काळा काजळीचा असेल तर पेट्रोल जास्त जातंय, ओला तेलकट असेल तर ऑइल वर येतंय. प्लग परत बसवताना आधी हाताने फिरवत न्या, पान्याने सुरुवातच करू नका, अॅल्युमिनियमच्या हेडचे आटे गेले तर तो खर्च नको.

सीएनजी गाडी असेल तर इथे जास्त लक्ष द्या. गॅसवर ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे किंचित झिजलेला प्लग किंवा थकलेली कॉईल पेट्रोलवर चालून जाते आणि गॅसवर मिसिंग मारते. फ्रीझ फ्रेम आली तेव्हा गाडी कशावर चालली होती ते आठवा. एक दिवस पूर्ण पेट्रोलवर चालवा, लाईट परत येतो का बघा. फक्त गॅसवरच येत असेल तर आधी प्लग आणि कॉईल, मग गॅसचा फिल्टर, गॅसचे इंजेक्टर आणि ट्यूनिंग. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये पेट्रोल इंजेक्टरच्या वायरिंगला मारलेले जोड सैल होतात, तेही बघून घ्या. आणि गॅसची नळी, रेग्युलेटर, टाकी यांना घरी हात लावू नका.

मिश्रण पातळ: पी०१७१

अॅपमध्ये लाइव्ह डेटा उघडा, शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्यूल ट्रिम निवडा, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के कमीजास्त करतोय तो आकडा. इंजिन गरम करून आयडलला दोघांची बेरीज बघा. उणे १० ते अधिक १० च्या आत असेल तर ठीक. अधिक २० वगैरे असेल तर कॉम्प्युटर वीस टक्के जास्त पेट्रोल ओततोय. आता रेस देऊन २५०० आरपीएमवर धरा. ट्रिम खाली आली, चारपाच झाली, तर बहुतेक थ्रॉटलच्या पुढे कुठेतरी हवा आत घुसतेय, कारण आयडलला ती गळती मोठी ठरते आणि रेसला किरकोळ. उलट रेसला ट्रिम वाढत गेली तर पेट्रोल पुरत नाहीये, फिल्टर किंवा पंप, किंवा मास एअर फ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) मळलाय.

एक गोष्ट परदेशी व्हिडिओंमध्ये बऱ्याचदा सुटते. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत मास एअर फ्लो सेन्सर नसतोच, मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) असतो. त्यात हवा गळली तरी मॅप सेन्सरला ती दिसते आणि पेट्रोल आपोआप वाढतं, त्यामुळे ट्रिम फारशी हलत नाही पण आयडल चढलेलं राहतं. तेव्हा अशा गाडीत ट्रिमपेक्षा आयडलच्या आरपीएमकडे बघा.

गळती शोधताना कान लावा, बारीक सीसी आवाज येतो. रबरी नळ्या एकेक करून चिमटीत दाबा, एखादी दाबल्यावर आरपीएम बदलून ठिकाणावर आला तर ती नळी जिथे जाते तिकडे शोधा, ब्रेक बूस्टरची नळीही सोडू नका. गरम इंजिनवर कार्ब क्लीनर फवारून गळती शोधायचा प्रकार कोणी सांगितला तरी करू नका, भडका उडतो. ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे सायलेन्सर लाईन फुटकी असेल तरी बाहेरची हवा आत ओढली जाऊन हाच कोड येतो, थंड इंजिन सुरू केल्या केल्या टिकटिक आवाज येतो का ऐका.

पी०४२० आणि बाकीचे

पी०४२० दिसला की "कॅट गेला, बदला" हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा, कॅट म्हणजे तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. बदलायच्या आधी लाइव्ह डेटामध्ये मागच्या, म्हणजे कॅटनंतरच्या, ऑक्सिजन सेन्सरचा ग्राफ बघा. गरम इंजिनला एकसारख्या रेसवर तो साधारण स्थिर, ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास असला पाहिजे. पुढचा सेन्सर साध्या प्रकारचा असेल तर ०.१ ते ०.९ मध्ये वरखाली नाचत राहतो, नव्या गाड्यांतला वाइडबँड असा नाचत नाही. मागचाही पुढच्यासारखाच नाचत असेल तर कॅट खरंच थकलाय. पण तो थकला का हेही बघा, मिसफायर किंवा ऑइल जळणं तसंच ठेवून नवीन कॅट टाकला तर तोही जाणार. कॅट काढून सरळ पाईप टाकून देण्याचा सल्ला मिळतो, तो घेऊ नका, नियमात बसत नाही आणि त्या विषारी धुरात आपलीच पोरं श्वास घेतात.

टेंपरेचरच्या सेन्सरांचे कोड, पी०११३, पी०११८ वगैरे, घरी पटकन सुटतात. सकाळी गाडी सुरू न करता चावी ऑन करून कूलंट आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळजवळ सारखे आणि बाहेरच्या हवेएवढे असले पाहिजेत. पुण्यात उणे ४० दाखवत असेल तर सेन्सरचा कपलर निघालाय नाहीतर वायर तुटलीय, नवीन सेन्सर घेण्याआधी ते बघा.

पी०१२८ म्हणजे इंजिन पुरेसं गरमच होत नाही. आपल्याकडे गाडी तापते म्हणून मेकॅनिक थर्मोस्टॅट वॉल्व्ह (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवून धरणारा) काढून टाकतात, त्याचाही हाच परिणाम, कॉम्प्युटरला इंजिन कायम थंड वाटतं, पेट्रोल जास्त टाकतो आणि अॅव्हरेज पडतं. वॉल्व्ह परत बसवून घ्या. पी०३३५ क्रँक सेन्सरचा, गाडी गरम झाल्यावर अचानक बंद पडते आणि थंड झाल्यावर जणू काही झालंच नाही अशी सुरू होते, हा हायवेवर दगा देतो, टाळाटाळ नको.

डिझेल, बीएस सिक्स

डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, काजळी साठल्याचा लाईट किंवा पी२४६३ येत असेल आणि गाडी फक्त शहरात दोनचार किलोमीटर फिरत असेल तर कारण तेच आहे. ती काजळी जाळायला धुराचं तापमान साधारण ६०० अंशांपर्यंत जावं लागतं. गाडीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे हायवेवर सलग १५-२० मिनिटं एकसारख्या वेगात, एक गिअर खाली ठेवून चालवा, मध्ये बंद करू नका, नंतर लगेच वाळक्या गवतावर उभी करू नका. ही प्रक्रिया सारखी अर्धवट तुटली तर जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर ऑइल बदलायला लागतं. वारंवार लाईट येत असेल तर स्कॅनरने सक्तीचं रीजनरेशन, म्हणजे काजळी जाळणं, सर्व्हिस सेंटरमध्येच करा.

दुरुस्तीनंतर

आता कोड क्लिअर करा. लाईट गेला म्हणजे झालं असं नाही, क्लिअर केल्यावर कॉम्प्युटर सगळ्या तपासण्या नव्याने सुरू करतो, अॅपमध्ये रेडिनेस मॉनिटर म्हणून त्या दिसतात. तीनचार दिवस नेहमीसारखी चालवा, थंड स्टार्ट, ट्रॅफिक, थोडा मोकळा रस्ता, सगळं येऊ द्या आणि मग पेंडिंग कोड परत वाचा. मॉनिटर पूर्ण आणि पेंडिंग रिकामं, तरच काम झालं. क्लिअर न करताही बिघाड खरंच गेला असेल तर सलग तीन निर्दोष फेऱ्यांनंतर लाईट सहसा स्वतःच विझतो.

एअरबॅगचे पिवळे कपलर, हायब्रिडच्या केशरी जाड केबली, डिझेलची आणि डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोलची हाय प्रेशर लाईन, यांना घरी हात लावायचा नाही. गाडी वॉरंटीत असेल तर फक्त कोड वाचा, वायर कापू नका आणि क्लिअरही करू नका.

गॅरेजला जायची वेळ आली तर "लाईट लागलाय, बघा जरा" एवढं सांगून चावी देऊ नका. कोडचे आणि फ्रीझ फ्रेमचे स्क्रीनशॉट दाखवा, काय अदलाबदल करून बघितली ते सांगा, आणि "दादा, हा पार्ट खराब आहे हे कशावरून ठरवलं?" असं विचारा. चांगला मेकॅनिक या प्रश्नाने चिडत नाही, उलट मीटर लावून दाखवतो. बदललेला जुना पार्ट मागून घ्या आणि बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या.